खणांचं घर : न फोडता बदलता येईल असं

(कारंजा येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो शहरातली घरं आणि पर्यावरण. मी वास्तुरचनाकार नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे झाडं लावा, पाणी वाचवा, सोलर बसवा असं सांगून खाली बसणं मला सोपं होतं. ते सगळं करायलाच हवं. पण आज एकच गोष्ट बोलणार आहे, कारण तिच्यात पर्यावरणही आहे, आपल्या खिशातला पैसाही आहे आणि आपल्या बहिणींचा हक्कही आहे.

ती गोष्ट अशी : आपल्याकडे एक पिढी आयुष्यभर राबून घर बांधते आणि पुढची पिढी तेच घर फोडते. घर वाईट असतं म्हणून नाही. ते बदलता येत नाही म्हणून.

वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, कुठल्याही मोहल्ल्यात जा, घराची कहाणी साधारण सारखीच निघते. अब्बांनी दोन खोल्या आणि पुढे ओसरी काढली. थोरल्याचं लग्न ठरलं तशी ओसरी बंद करून तिसरी खोली झाली. धाकट्याच्या वेळी पत्रे काढून स्लॅब टाकला. स्लॅब टाकला तेव्हा वर जायला जिना कुठून काढायचा हे कुणी ठरवलंच नव्हतं, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी गेली आणि तिथे जिना आला. मग भाऊ वेगळे झाले. मधे भिंत आली. पाण्याची लाइन एकाच्या भिंतीत, मोरी दुसऱ्याच्या वाट्यात आणि मीटर तिसऱ्याच्या दाराशी. नळ गळला तर टाइल फोडा, टाइल फोडली तर भांडण. शेवटी कुणीतरी म्हणतं, "भाईजान, पूरा गिरा के नया बनाते." आणि पुन्हा कर्ज.

मराठीत म्हण आहे, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. आपल्याकडे दर लग्नाला घर पुन्हा बांधून पाहावं लागतं.

आता मी ज्या घराबद्दल सांगणार आहे ते तुम्ही पाहिलेलं आहे. कारंजा हे जुनं व्यापारी शहर. दिल्ली वेस, दारव्हा वेस ही नावंच सांगतात की इथून रस्ते कुठवर जात होते. अशा गावांत ज्यांची ऐपत होती त्यांची घरं सागवानी सांगाड्याची असत. आपल्या वऱ्हाडात आणि मराठवाड्यात माळवदाची, म्हणजे धाब्याची घरंही त्याच पद्धतीची. जमिनीवर दगडाचा तळखडा, तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर माती. लाकडाला लाकूड खाच करून, खुंटी मारून जोडलेलं. लोखंडी खिळे फार कमी.

दोन खांबांच्या मधल्या जागेला आपल्या भाषेत शब्द आहे : खण. घर किती मोठं, हे जुनी माणसं चौरस फुटांत सांगत नसत. "पाच खणांचं घर आहे", एवढं पुरे. खण साधारण पाच ते आठ फुटांचा. हा आकडा कुणाच्या आवडीवर ठरला नव्हता. तो लाकडानेच ठरवला. तुळईचं अंतर दुप्पट केलं आणि जाडी तीच ठेवली, तर तेवढ्याच दाटीच्या वजनाखाली ती सोळापट वाकते. हे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सूत्र म्हणून पाठ केलं. सुताराला ते हाताने माहीत होतं. म्हणून त्याने खण लहान ठेवला आणि घर मोठं करायचं असेल तेव्हा खण न वाढवता खणांची संख्या वाढवली.

यातून तीन गोष्टी आपोआप साधल्या. पहिली, सगळे भाग एकाच मापाचे, म्हणून एक कडी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. दुसरी, छताचं वजन खांबांवर, त्यामुळे आतली भिंत ही फक्त आडोसा. ती काढा, सरकवा, दार पाडा, छत जागेवरच राहतं. तिसरी, घराची वाटणी मोजता येते. थोरल्याचे तीन खण, धाकट्याचे तीन खण, मधला चौक सामाईक. भांडणं तेव्हाही होतच असतील, पण निदान मोजायला एक माप होतं.

आज याला मॉड्युलर बांधकाम म्हणतात आणि मोठमोठ्या शहरांत त्यावर परिषदा भरतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. आमच्याकडे नियम असा की जी गोष्ट वारंवार बदलणार ती, जी क्वचित बदलणार तिच्यात गुंतवून ठेवू नका. घरालाही हाच नियम लागू आहे. सांगाडा शंभर वर्षं टिकू शकतो. पाइप आणि वायरिंग वीस-पंचवीस वर्षांत बदलावं लागतं. खोल्यांची मांडणी तर कुटुंबात लग्न, बाळंतपण, आजारपण, नोकरी जे घडेल त्याप्रमाणे दर पाच-दहा वर्षांनी बदलते. या तिन्ही गोष्टी एकाच सिमेंटच्या गोळ्यात ओतल्या, तर सगळ्यांत कमी टिकणारी वस्तू सगळ्यांत जास्त टिकणारीला घेऊन जाते. वीस वर्षं टिकणाऱ्या पाइपसाठी शंभर वर्षं टिकणारं घर फोडलं जातं. नेदरलँड्सचे वास्तुरचनाकार जॉन हाब्राकन यांनी १९६१ साली हाच विचार मांडला : सांगाडा वेगळा, आतलं भरण वेगळं, आणि भरण कसं असावं हे तिथे राहणाऱ्याने ठरवावं. आपल्या सुताराने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्याला वाचायची गरजही नव्हती.

पण जुनं ते सगळं सोनं, असं म्हणण्यासाठी मी आलेलो नाही. किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेक लोक घराखालीच गेले. त्या भिंती जाड दगडाच्या, पण दोन बाजूंना दोन थर आणि मधे मातीचा भराव. दोन्ही थरांना बांधणारे आडवे लांब दगड नव्हते. छतावर फूट-दोन फूट माती, कारण गळलं की दरवर्षी आणखी माती घालायची. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन. तेवढ्याच खोलीवरचा पाच इंची स्लॅब तीन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे मातीचं ते छत स्लॅबपेक्षाही जड होतं. भिंती फाटल्या आणि ते वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

त्याच भूकंपात असंही दिसलं की जिथे छत भिंतीवर टेकलेलं नव्हतं, स्वतंत्र लाकडी खांबांवर होतं, अशा अनेक घरांत भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला. म्हणजे लाकडाने दगा दिला नव्हता. दगा दिला तो न बांधलेल्या दगडांनी आणि वरच्या वजनाने. काश्मीरमध्ये धज्जी-दिवारी नावाची पद्धत आहे. लाकडाची बारीक चौकट आणि तिच्या चौकोनांत विटा-मातीचं भरण. धज्जी म्हणजे कापडाचा तुकडा. गोधडीसारखी तुकड्या-तुकड्यांची भिंत. ८ ऑक्टोबर २००५च्या भूकंपात अशा घरांनी चांगला टिकाव धरला आणि नंतर पलीकडच्या भागात पुनर्वसनासाठी तीच पद्धत अधिकृतपणे स्वीकारली गेली. आजीच्या हातची गोधडी जशी एक तुकडा उसवला म्हणून फाटत नाही, तसंच हे.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात आणखी एक धडा आहे. सरकारने जमीनधारणेप्रमाणे तीन आकारांची घरं दिली : अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फूट. भूकंपात टिकतील अशी ती घरं होती, त्याबद्दल आभारच मानायला हवेत. पण अडीचशे चौरस फुटांच्या घरात कुटुंब वाढलं की काय होणार, हे उघड होतं. लोकांनी पुढेमागे पत्रे टाकले, जमेल तशा भिंती घातल्या. घर वाढणार हे आधी धरून चालणं आणि घर वाढल्यावर तक्रार करणं, यात फार फरक आहे.

वाढणार हे धरून चाललेली दोन उदाहरणं आपल्याजवळच आहेत. एक नवी मुंबईत, बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ते उभारलं. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, आणि कुठल्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ती खरोखरच वाढवली, आज काही तर ओळखूही येत नाहीत. दुसरं इंदूरचं अरण्य. बाळकृष्ण दोशी यांनी आखलेली साडेसहा हजारांवर प्लॉटची वसाहत, बहुतेक प्लॉट गरीब कुटुंबांसाठी. सगळ्यांत लहान प्लॉट सुमारे पस्तीस चौरस मीटर. गरीब कुटुंबाला तिथे पूर्ण घर मिळालं नाही. मिळाला तो जोता, संडास-न्हाणीचा गाभा, पाणी, वीज आणि ड्रेनेज. बाकीचं ज्याने त्याने आपल्या कमाईच्या गतीने बांधायचं. या कामाला १९९५ साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. मुस्लिम समाजांच्या जगण्याशी जोडलेल्या बांधकामांसाठी दिला जाणारा हा पुरस्कार, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला तो पुरस्कार म्हटलं की घुमट आणि मिनार आठवतात. इथे सन्मान झाला तो जोता आणि गटार यांचा.

आता लाकडाकडे येऊ. तुमच्यातल्या काहींच्या मनात प्रश्न आला असेल : हा माणूस पर्यावरणावर बोलायला आला आणि झाडं तोडायला सांगतो?

वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग कार्बन असतो. झाडाने तो हवेतून घेतलेला असतो. लाकूड कुजत नाही, जळत नाही तोवर तो कार्बन तुमच्या तुळईत बंद असतो. उलट सिमेंट करायला चुनखडी भाजावी लागते. ती भाजताना इंधनाचा धूर तर निघतोच, पण खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे. म्हणून जग पुन्हा लाकडाकडे बघतंय. नॉर्वेत २०१९ साली पंच्याऐंशी मीटर उंचीची अठरा मजली लाकडी इमारत उभी राहिली. अमेरिकेत मिलवॉकीला २०२२ साली पंचवीस मजल्यांची झाली. पातळ फळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवून कारखान्यात मोठे फलक करतात आणि जागेवर आणून बोल्टने जोडतात. आगीचं म्हणाल तर जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. तासाभरात साधारण चार सेंटीमीटर जळतं, म्हणून इंजिनिअर तेवढी जाडी आधीच जास्त धरतो. बारीक काटक्या आणि जाड तुळई यांतला फरक चूल पेटवणारी कुठलीही बाई तुम्हाला सांगेल.

आपल्याकडे सरकारने मधल्या काळात लाकडाकडे पाठच फिरवली होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली आपल्या कामांत लाकूड वापरणं बंद केलं. जंगल वाचावं हा हेतू चांगला होता. ती बंदी २०२० साली उठवली, कारण लाकडाच्या जागी आलेलं लोखंड, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक पर्यावरणाला जास्त महाग पडतं, हे लक्षात आलं. २०१७ साली जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्यात 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणं आणि नेणं सोपं झालं. सागाचं तसं नाही. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते, न्यायला वाहतूक परवाना लागतो. हे नियम पाळायचेच आहेत. कुणी 'विनाकागद स्वस्त देतो' म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका. चोरीच्या लाकडाच्या घरात बरकत कुठली?

आणि खरं सांगायचं तर नव्या सागाचं पूर्ण घर आज तुमच्या-माझ्या आवाक्यात नाही. मग वाशीम जिल्ह्यात या सगळ्याचा अर्थ काय? माझं म्हणणं असं : लाकूड परवडेल तेवढं घ्या, पण खणाची शिस्त पूर्ण घ्या. सांगाडा काँक्रीटचा असला तरी चालेल. शिस्त पुढीलप्रमाणे.

एक. आधी खांबांची जाळी कागदावर काढा, खोल्या नंतर. खांब सरळ रेषेत, सारख्या अंतरावर आणि वरच्या मजल्यावर खालच्या खांबाच्या बरोबर डोक्यावर. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय कुठलाच हिशेब उपयोगाचा नाही. घर हलकं केलं म्हणून पायात सूट मिळत नाही.

दोन. आतली भिंत छताचं वजन घेणार नाही, अशी रचना इंजिनिअरकडून करून घ्या आणि त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगा. मग ती भिंत विटेची असो, बांबूच्या चटईवर गिलावा केलेली असो की लाकडी चौकटीत फळ्या बसवलेली असो, पुढे काढता येईल.

तीन. पाणी, सांडपाणी आणि वीज एका बाजूला, एका उभ्या डक्टमध्ये. स्वयंपाकघर आणि न्हाणी त्या डक्टला चिकटून. वर मजला चढला तर वरची न्हाणी खालच्या न्हाणीवरच. पाइप भिंतीत गाडू नका.

चार. दुसरा जिना, दुसरं दार, दुसरा मीटर यांची जागा आजच राखून ठेवा. ज्या भिंतीत पुढे दार लागेल तिथे वर लिंटेल आजच टाका, खाली विटा भरा. वीस वर्षांनी विटा काढल्या की दार तयार. आज दोन-तीन हजारांचं काम, तेव्हा दोन-तीन लाखांचं.

पाच. वरचा मजला हलका करा. लाकूड, प्रक्रिया केलेला बांबू किंवा लोखंडी नळ्यांची चौकट, जे जमेल ते, पण नटबोल्टने जोडलेलं, म्हणजे उतरवून दुसरीकडे नेता येईल. बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया करा, लाकूड जमिनीपासून उचलून ठेवा, नाहीतर वाळवी आधी राहायला येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. लाकडातून उष्णता काँक्रीटच्या साधारण दहाव्या हिश्शाने वाहते, पण नुसता पत्रा ठोकला तर भट्टीच होईल. पत्रा आणि खालचं छत यांच्यामध्ये वारा खेळायला पोकळी हवीच.

सहा. जुनं घर पाडणार असाल, तर सागाचे खांब आणि तुळया पाडणाऱ्या ठेकेदाराला उचलून देऊ नका. तो मलब्याच्या भावात नेतो आणि शहरात फर्निचरच्या भावात विकतो. जुन्या वाळलेल्या सागासाठी नवीन झाड तोडावं लागत नाही. त्याच तुळया वरच्या मजल्याला, जिन्याला, दारांना लागतील.

कुणी म्हणेल, आमच्याकडे मोठं घर बांधायला पैसाच नाही. मग तर हे जास्त लागू आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळत आले आहेत. योजनेच्या आधीच्या टप्प्यात घराची मर्यादा तीस चौरस मीटर होती, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. तेवढ्यात आज पूर्ण कुटुंब बसवायचा हट्ट केला की चार कोंदट खोल्या होतात. त्याऐवजी पुढे वाढणाऱ्या घराचे पहिले सहा खण म्हणून ते बांधा. जाळी पूर्ण घराची आखा, आज सहा उभे करा.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो.

आपल्याकडे वडील गेले की काही दिवसांनी एक कागद पुढे येतो : हक्कसोडपत्र. बहीण सही करते. कधी खुशीने करते, असं आपण म्हणतो. तिला कुणी विचारलेलं असतं का? कारण नेहमी एकच सांगितलं जातं, "एवढ्याशा घरात तुला काय काढून देणार?" म्हणजे शरीयतने ठरवलेला, देशातल्या न्यायालयांनी मानलेला वाटा आपण विटा-सिमेंटचं कारण सांगून बुडवतो. मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला पाहिजे असं म्हणणारे लोक आपल्यातच आहेत, आणि ती चर्चा व्हायलाच हवी. पण जो वाटा कुणी नाकारत नाही, तोही आपण देत नाही, हे आधी कबूल करू.

हिशेब करून बघा. घर समजा चोवीस बाय चाळीस फुटांचं. खण सहा बाय आठचा धरू, चार खांबांमधल्या जागेला एक खण म्हणू. चोवीसमध्ये सहाचे चार, चाळीसमध्ये आठचे पाच, एकूण वीस खण. वडील गेले. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. कफन-दफनचा खर्च, कर्ज आणि वसीयत असेल तर तिचा भाग वजा केल्यावर आईचा आठवा हिस्सा, म्हणजे अडीच खण. उरले साडेसतरा. ते दोन, दोन, एक या प्रमाणात. प्रत्येक भावाचे सात, बहिणीचे साडेतीन. आई आणि बहीण मिळून सहा खण. सात, सात आणि सहा. घर एकही भिंत न फोडता मोजलं गेलं.

बहीण सासरी असेल, तिला तिथे राहायचं नसेल, तर तिच्या साडेतीन खणांचं भाडं तिला द्या किंवा भावांनी किंमत ठरवून ते विकत घ्या. तिला तलाक झाला, नवरा गेला, नोकरीसाठी गावात परत यावं लागलं, तर आईशेजारी तिची स्वतःची जागा आहे, डक्टला लागून स्वयंपाकघर आहे, राखून ठेवलेलं दार आहे. भावाच्या बायकोच्या मर्जीवर तिचं राहणं अवलंबून नाही. कागद वेगळे करावे लागतील, मालमत्ता पत्रकावर, नगर परिषदेच्या घरपट्टीवर नावं लावावी लागतील, वकील लागेल. पण "घरच वाटता येत नाही" हे कारण संपलं.

मी हा हिशेब एका वयस्कर सुतार चाचांना दाखवला होता. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बेटा, खन तो हम आज भी बना देंगे. दिल कौन बनाएगा?" त्यांचं बरोबर आहे. खणाने नियत सुधारत नाही. पण चांगली नियत असलेल्या माणसाला आपलं घर आडवं येऊ नये, एवढं तर इंजिनिअरिंग करू शकतं.

शेवटी तीन कामं सांगतो. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायची नाहीत, करायची आहेत.

पहिलं, मोजणी. तुमच्या मोहल्ल्यात सांगाड्याची जुनी घरं किती उरली आहेत, ते शोधा. मालकांची परवानगी घ्या, टेप आणि मोबाइल घेऊन जा. खण किती, माप किती, जोड कसा, लाकूड कसं आहे, गळती कुठे आहे. घर कुणाचंही असो, मुस्लिम, जैन, माळी, मारवाडी. ही पद्धत कुण्या एका समाजाची नव्हती. गावाची होती.

दुसरं, माणसं. खाच-खुंटीचं काम येणारे सुतार आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांचा मुलगा प्लायवूडचं फर्निचर करतो, कारण काम तेच मिळतं. त्यांची यादी करा आणि आयटीआय झालेल्या दोन-चार मुलांना त्यांच्या हाताखाली बसवा. हे कौशल्य गेलं तर पुस्तकातून परत येणार नाही.

तिसरं, एक नमुना. मोहल्ल्यात कुठे ना कुठे वर्गणीतून काहीतरी बांधायचं ठरत असतं : अभ्यासिका, मदरशाच्या खोल्या, शादीखान्याचा मजला. पुढची वर्गणी निघेल तेव्हा कमिटीच्या बैठकीत उठून म्हणा, हे खणांवर बांधू. आज अभ्यासिका, उद्या दवाखाना, परवा महिलांसाठी शिवणवर्ग, भिंती सरकवून होईल असं. वर्गणीचा पैसा अमानत आहे. दर दहा वर्षांनी फोडावी लागेल अशी इमारत बांधणं हा इस्राफच आहे, मग तिला कितीही सुंदर टाइल लावा.

आणि ज्यांच्या घरी येत्या वर्षा-दोन वर्षांत बांधकाम निघणार आहे, त्यांनी एवढंच करावं. नकाशा पास करायला टाकण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांना बसवा, अम्मी, भाऊ, वहिनी आणि बहीणसुद्धा. कागदावर खण काढा. बहिणीला विचारा, तुझे कुठले?